१९९६ चा जपानी व्हीएमसी साडेसहा लाखात घ्यावा का?

उद्यमनगरकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी ३० वर्षं एका एचएमटी मिलिंगवर संसार ओढला, मी ९ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. सगळं काम सीआय (बिडाच्या) कास्टिंगचं. पंपाच्या केसिंगला फेसिंग, ५२ मिमीचा एच-७ बोअर (म्हणजे मापात अगदी थोडी सूट) आणि ८ होल. जिग लावूनही होलच्या पिचमध्ये (होलमधल्या अंतरात) नग रिजेक्ट होतात. आता पार्टीने स्पष्ट सांगितलंय, सीएनसीवर करणार असाल तरच पुढची ऑर्डर.

शिरोलीत एका डीलरकडे १९९६ चा व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मिलिंग मशीन, बघितला. फॅनक ०-एम कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर), बीटी-४० टेपरचा स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा), २० टूलचा चेंजर. साडेसहा लाख मागतोय. नव्याचं कोटेशन २४ लाख, वर १८ टक्के जीएसटी. तेवढं कर्ज काढायची छाती होत नाही. बॅकलॅश (दिशा बदलताना टेबलाच्या स्क्रूत जाणवणारी ढिलाई) शून्य आहे म्हणाला. डायल (मायक्रॉन, म्हणजे मिमीचा हजारावा भाग, मोजायचं घड्याळ) लावून बघितलं, काटा खरंच दोन-तीन मायक्रॉनच्या वर हलला नाही. तरी वडील नको म्हणतात. अजून काय बघू?

भोसरीचा मेंटेनन्सवाला:
भाऊ, डायल टेबलाच्या मध्यावर लावला होतात ना? तिथे शून्यच दिसणार. कंट्रोलमध्ये पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे) ५३५, ५३६, ५३७ उघडा, एक्स, वाय, झेडचं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (ढिलाईची भरपाई) तिथे मायक्रॉनमध्ये असतं. टेबल सरकवणारा बॉलस्क्रू झिजला की कोणीही तिथला आकडा वाढवतो आणि डायल शून्य दाखवतो. पण झीज सगळीकडे सारखी नसते. जॉब वर्षानुवर्षं टेबलाच्या मधोमध बांधला जातो, स्क्रू तिथेच जास्त खातो. म्हणून तोच डायल टेबल टोकाला नेऊन लावा. आकडा मध्याला जुळवलेला असेल तर टोकाला दिशा बदलताना टेबल गरजेपेक्षा जास्त सरकेल.

दुसरं, स्वतःचं कास्टिंग घेऊन जा आणि एंडमिलने गोल फिरवून बोअर काढा. बोअरवर चार बाजूंना, ०, ९०, १८०, २७० वर, बोटाला पायरी लागली तर प्ले (ढिलाई) आहे. तुमचा ५२ चा बोअर बोरिंग बारने काढलात तर व्यासाला याचा त्रास नाही, पण होलच्या पिचला आहे. आणि तुमचं दुखणं पिचचंच आहे.

साताऱ्याची अनिता:
आमच्याकडे ०-एम अजून चालू आहे. कंट्रोल जुना म्हणून घाबरू नका, बॅटरीच्या सेलला मात्र जपा. मेमरीला डी साइजचे ३ सेल असतात आणि ते मशीन चालू ठेवूनच बदलायचे. आमच्या ऑपरेटरने मेन स्विच बंद करून बदलले, सगळे पॅरामीटर गेले, ११ दिवस मशीन उभं. ९०० च्या पुढचे पॅरामीटर म्हणजे मशीनचे ऑप्शन, त्यांचा कागद बहुतेक पॅनेलच्या दारात असतो. तो नसेल तर पैसे देण्याआधी स्क्रीनवरून एकेक उतरवून घ्या.

मशीन जपानी आहे, तर २०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सोबत देणार का हेही विचारा. स्पिंडल फुल आरपीएमला अर्धा तास फिरवा आणि स्पिंडलच्या नाकाजवळ हेडवर हात ठेवून किती तापतं ते बघा. आधीच्या मालकाने सीआयच कापलं असेल तर कव्हर काढून गाईडवे (टेबल सरकतं त्या पट्ट्या) बघाच. कास्टिंगची काळी पूड तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी बेड घासते.

उद्यमनगरकर:
दादा, ताई, काल वडिलांना घेऊन गेलो. ५३५ मध्ये, म्हणजे एक्सला, ६० होतं. मध्याला काटा शांत, टोकाला दिशा बदलली की टेबल ४५ मायक्रॉन जास्त सरकत होतं. वाय आणि झेड चांगले निघाले. स्पिंडल अर्धा तास फिरवला, वडील सगळा वेळ हेडवर तळवा ठेवून उभे होते. नुसतं कोमट झालं. गाईडवेवर ओरखडा नाही, कागद पॅनेलच्या दारात जागेवर आहे.

डीलरला तिथेच सांगितलं, एक्सचा बॉलस्क्रू आणि सपोर्ट बेअरिंग बदलायचा खर्च वजा करा. बराच वेळ घासाघीस झाली. पाच लाख, ट्रान्सफॉर्मर सकट. सोमवारी टोकन देतोय. वडील परत येताना म्हणाले, क्रेन सकाळची सांगा, दुपारी आपल्या गल्लीत टेम्पो लागलेले असतात.