स्लॅब तापतोय, बिल ३०० युनिटच्या वर चाललंय. २५ हजारात आधी काय करू? (फुलेवाडी, कोल्हापूर)

फुलेवाडीकर_७६
नमस्कार मंडळी. आमचं घर १९९६ सालचं, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, वर उघडा स्लॅब. आई-वडील वरच्या खोलीत झोपतात. सध्या रात्री अकरापर्यंत पंख्याचा वारासुद्धा गरम लागतो. आईला एसी सोसत नाही, म्हणून एसी नको. एप्रिलचं बिल ३४२ युनिट, मेचं ३५८. थंडीत २६० च्या आसपास असतं.
घरात जुने पाच पंखे, आई-वडिलांसाठी १५ लिटरचा गिझर (आम्ही बाकीचे बंबावर), २००३ चा फ्रिज, अर्ध्या एचपीची मोटर, टीव्ही, वॉशिंग मशीन. दिवे सगळे एलईडी.
बजेट २५ हजार. पुढच्या महिन्यात मुलीची कॉलेज फी आहे, त्यामुळे वर एक रुपया निघणार नाही. आधी कशाला हात घालू?

शिरोलीचा_दादा
भावा, सोलर टाक, विषय संपला. आमच्यात गेल्या वर्षी ३ किलोवॅट बसवलं. सूर्यघर योजनेतनं ७८ हजार अनुदान डायरेक्ट खात्यावर. आता बिल म्हणजे नुसता स्थिर आकार. गल्लीत पहिलं सोलर आपलं, आता बघून बघून चार घरांनी बसवलंय.

नववी_गल्ली
दादा, त्यांनी २५ हजार लिहिलंय. अनुदान सिस्टीम चालू झाल्यावर येतं, पैसे आधी घालावे लागतात. बाकी सोलर चांगलंच, आमचंही आहे. ऊन कडक असलं की एका किलोवॅटला दिवसाला ४ युनिटच्या आसपास पडतात. आषाढात मात्र आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा किती पडतात ते विचारू नका.

पंखेवाला_नाही
पाचही पंखे बदला, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. जुना पंखा ७५ वॅट ओढतो, हा फुल्लवर ३० च्या आसपास. रोज १२ तास धरा : जुन्याला महिन्याला २७ युनिट, नव्याला ११. एका पंख्यामागं १६ युनिट वाचतात. मी दीड वर्षापूर्वी सगळे बदलले, माझं बिल बघून मेव्हण्यानंही घेतले.

उचगाव_नाका
बीएलडीसीचं मला सांगू नका. दोन घेतले, एकाचं आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड आठ महिन्यांत गेलं. कंपनीला फोन लावून लावून कंटाळलो, माणूस आला बावीस दिवसांनी. उन्हाळ्यात बावीस दिवस बिनपंख्याचं झोपून बघा. जुना पंखा कंडेन्सर बदलला की वीस वर्षं चालतो.

पंखेवाला_नाही
भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढला होता का? बीएलडीसी रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. लाईन थेट द्यायची, वेग रिमोटवर.

उचगाव_नाका
वायरमननं बसवला, मी नाही. त्यानं काढला नसेल तर माझी काय चूक?

मंगळवार_पेठेतली_वहिनी
आमचा वरचा मजला भट्टी होता. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खाली सोडतो, म्हणून दुपारपेक्षा नऊ-दहाला जास्त उकडतं. आम्ही दर फेब्रुवारीत गच्चीला चुना मारतो. कळीचा चुना रात्रभर पिंपात भिजवायचा (पाणी घालताना उकळतो, तोंड लांब ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका). सकाळी फडक्यातनं गाळायचा, त्यात फेविकॉल मिसळायचा आणि ऊन चढायच्या आत मोठ्या ब्रशनं दोन हात द्यायचे. आधी गच्ची खराट्यानं घासून धुवायची, नाहीतर पापुद्रे सुटतात. चुना आणि फेविकॉलचाच खर्च, मजुरी घरची. दुपारी अनवाणी गच्चीवर जाता येतं, त्यातच काय ते समजा.

शेडवाले_पाटील
चुना एका पावसात वाहून जातो वहिनी. पत्र्याचं शेड मारा. सावली होते, गळती थांबते, वाळवण होतं. आम्ही ७०० फूट मारलं, सव्वा लाख गेला, पण निवांत.

शिरोलीचा_दादा
शेड मारल्यावर सोलर कुठं लावणार? आधी सोलर, मग शेड.

नववी_गल्ली
२५ हजार हो, २५ हजार.

रंकाळा_चक्कर
मुख्य मुद्दा सगळे विसरताय. ३०० च्या वर एक युनिट गेलं तरी सगळ्या युनिटना वरचा दर लागतो. म्हणून कसंही करून २९९ वर आणा.

वायरमन_काका
हे चूक आहे, मी पंचवीस वर्षं ऐकतोय. पहिले १०० पहिल्या दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या दरानं, ३०० च्या वर गेलेत तेवढेच युनिट तिसऱ्या दरानं. बिलाची मागची बाजू वाचा. पण वरचे युनिट सगळ्यात महाग हे खरं, म्हणून वाचवलेलं पहिलं युनिट तिथलंच वाचतं.
फुलेवाडीकर, तुम्ही काहीच विकत घेऊ नका. आधी मोजा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० असं काही लिहिलेलं असेल. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा. तरीही दिवा लुकलुकला तर कुठंतरी गळती आहे किंवा कुणाची तरी वायर तुमच्यावर आहे. मग एकेक वस्तू चालू करून मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते वहीत लिहा. गिझरची भीती सोडा. आंघोळीची एक बादली तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी लागतं. चोर कुठंतरी दुसरीकडं असतो.

शिरोलीचा_दादा
सोलर असलं की मोजायची कटकटच नाही.

रंकाळा_चक्कर
दराचं मी परत बघतो. पण आमच्या शेजाऱ्याचं बिल एका महिन्यात दुप्पट झालं होतं.

फुलेवाडीकर_७६
काका, तुमच्या पद्धतीनं केलं. सगळं बंद केल्यावर दिवा गप्प, म्हणजे गळती नाही. मग एकटा फ्रिज चालू केला : मिनिटाला ९ वेळा. म्हणजे १७० वॅटच्या आसपास. माझ्या मनात आलं, कॉम्प्रेसर थांबेल तेव्हा मोजू. अर्धा तास मीटरसमोर स्टुलावर बसलो, थांबलाच नाही. रविवारी सगळे नृसिंहवाडीला गेलो, जाताना फ्रिज सोडून सगळं बंद केलं. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, पुरते २ युनिट. म्हणजे दिवसाला ४, महिन्याला १२०. पाच पंख्यांच्या जवळपास एकटा फ्रिज खातोय!

वायरमन_काका
दारात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर गॅस्केट (दाराचं रबर) गेलंय. गॅस्केट बदला, मागची जाळी ब्रशनं साफ करा, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. हजारात काम होईल. उरलेल्या पैशांत पंखे.

नववी_गल्ली
हेच. गॅस्केट आणि पंखे.

पंखेवाला_नाही
मी पहिल्यांदाच पंखे म्हटलं होतं.

मंगळवार_पेठेतली_वहिनी
गॅस्केट बदला आणि गच्चीला चुना. नवा फ्रिज घेऊ नका, जुन्याचा पत्रा आजकाल मिळत नाही.

फुलेवाडीकर_७६
सगळ्यांचे मनापासून आभार. नोट नुसती निघालीच नाही, खाली पडली. तरीही मी नवा फ्रिज घेतला, थ्री स्टार, एका दाराचा, १८ हजाराच्या आत. लेबलवर वर्षाला २०० पेक्षा कमी युनिट लिहिलेत, जुना दोन महिन्यांत त्याहून जास्त खात होता.
तुम्ही सगळे गॅस्केट म्हणालात, ते पटत नव्हतं असं नाही. पण आईचं इन्सुलिन त्याच्यात असतं. परवा कुपी हातात घेतली तर गार नव्हती, नुसती थंडसर. इतके दिवस आपण ती तशीच टोचत होतो का, हा विचार आल्यावर मला झोप लागली नाही. बावीस वर्षांच्या कॉम्प्रेसरवर मी आता ते ठेवणार नाही.
उरलेल्या पैशांत आई-वडिलांच्या खोलीत एकच बीएलडीसी पंखा घेतला, रेग्युलेटर समोर उभं राहून काढून घेतला. चुना आता मारला तर मिरगाच्या पावसात जाईल, तो फेब्रुवारीत. तोपर्यंत आई-वडिलांचा पलंग खालच्या खोलीत आणलाय. बाबा दोन दिवस कुरकुरले, आता रात्री सरळ झोपतात.

वायरमन_काका
इन्सुलिनचं आधी लिहिलं असतंत तर मीही गॅस्केट म्हटलं नसतं. कुपी दारात ठेवू नका, दार उघडझाक होतं. मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. त्या कुपीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

फुलेवाडीकर_७६
विचारलं. नवीन कुपी घ्यायला सांगितलीय, घेतली.

शेडवाले_पाटील
जुन्या फ्रिजचं काय केलं? गोठ्यात चारा-औषधं ठेवायला पाहिजे होता. बिनविजेचाच.

फुलेवाडीकर_७६
पाटील, कालच भंगारवाल्याला दिला.