‘ओव्हर द काउंटर’ला आपण काय म्हणतो?

इंदूरला आमच्या घरी मराठी-हिंदीची खिचडीच आहे, तेव्हा आधीच हसून घ्या. भाची टेक्सासला असते, तिचा परवा फोन, की मामी इथे गर्भनिरोधक गोळी आता रॅकवरनं उचलता येते, ओपिल नाव, डॉक्टरकडे जायला नको, पण विम्यात ‘कव्हर’ होऊन फुकट हवी असेल तर डॉक्टरने लिहून दिलेलं आण म्हणतात. हे सासूबाईंना सांगताना मी अडले. ‘काउंटरवरची गोळी’ म्हटलं तर म्हणाल्या, दवा बाजारात सगळंच काउंटरवरून देतात की! कोशातला जड शब्द नको, तोंडात बसेल असा सांगा.

— ‘बिनचिठ्ठीची’ म्हणा. भाचीचा घोळही त्यातच कळतो, विकत घ्यायला बिनचिठ्ठीची, विम्याला चिठ्ठीची. तिकडे २०१०च्या कायद्याने बहुतेक विमा योजनांना गर्भनिरोधकं फुकट द्यावी लागतात, पण बिनचिठ्ठीच्या गोळीला सहसा चिठ्ठी मागतातच. ओपिलला परवानगी जुलै २०२३ची, विम्यासाठीची चिठ्ठीची अट काढायचा सरकारी प्रस्ताव ऑक्टोबर २०२४ला आला नि जानेवारी २०२५मध्ये मागेही घेतला. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र आपापले कायदे करून अट काढलीये.

— आणि ‘कव्हर होतं’ कशाला, ‘विम्यात बसतं’ म्हणा की. आपल्याकडे मुळात बसतच नाही. घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढून बघा, न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत वंध्यत्वाच्या कलमाखाली कुठल्याही प्रकारचं गर्भनिरोधन नि नसबंदी लिहिलेलं असतं. मी चष्मा लावून वाचलं, अक्षर मुंगीएवढं. वंध्यत्व आणि गर्भनिरोधन एका कलमात, हे डोकं कुणाचं देव जाणे.

— बडोद्याहून. गर्भनिरोधक हा पाटीवरचा शब्द, घरात कोण बोलतं? आमची आजी ‘पाळणा लांबवायची गोळी’ म्हणायची, त्यात लाजही नाही नि शास्त्रही नाही.

वा, हाच शब्द सासूबाईंपुढे टाकला, लगेच समजलं. म्हणाल्या, मग विमा कशाला मधे, सरकारी दवाखान्यात नर्सबाई माला-एनची पाकिटं फुकट हातात ठेवायची, नाव लिहून घ्यायची तेवढंच. बाकी ‘बिनचिठ्ठीची’ आवडला, पण इंदूरात चिठ्ठी म्हणजे पत्र हो, मेडिकलवाला पर्चीच मागतो. आमच्याकडे ती ‘बिनपर्चीची’ होणार.