फ्रान्सच्या खेड्यातली सुट्टी आणि रविवारचा जुना बाजार: तुमचे अनुभव लिहा

फ्रान्सच्या ग्रामीण भागात घर भाड्याने घेऊन राहिलेल्यांनी इथे जरूर लिहा. किल्ले आणि द्राक्षमळ्यांबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला हवेत ते तिथल्या जुन्या बाजारांचे अनुभव, आणि त्यांच्या जोडीने पाहिलेली शहरं. खेड्यात मुक्काम असेल तर रविवारची सकाळ बाजारासाठी राखून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. एरवी खिडक्या लावून बसलेलं गाव त्या दिवशी सगळंच्या सगळं रस्त्यावर आलेलं असतं.

सुरुवात मीच करते. आम्ही दोर्दोन्यमध्ये, सार्लाजवळच्या एका खेड्यात राहिलो होतो. पाव आणायला गेले तर बेकरीच्या दारावर हाताने लिहिलेला कागद: रविवारी 'व्हिद-ग्रेनिये'. म्हणजे गावकऱ्यांनी घरातलं जुनं सामान विकायचा दिवस. कायद्याने सामान्य माणसाला वर्षातून फार तर दोनदा असं बसता येतं, आणि तेही फक्त स्वतःच्या वापरातल्या वस्तू घेऊन. त्यामुळे टेबलामागच्या आजी दुकानदार नसतात. वस्तू कुणाची, घरात कुठे ठेवलेली असायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

एका आजींकडे प्यूजोचं कॉफी दळायचं यंत्र होतं. होय, तीच मोटारवाली प्यूजो. मोटारी काढायच्या कितीतरी आधी, १८४० पासून ते ही यंत्रं करायचे. चौकोनी लाकडी डबा, वर लोखंडी दांडा, खाली पूड पडायला इवलासा खण. मी नुसता दांडा फिरवत होते, तर आजी उठल्या, खुर्चीत बसल्या, डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि दळून दाखवलं. खणाच्या कोपऱ्यात अजून कॉफीचा काळा थर होता. तो मी आजतागायत धुतलेला नाही.

सार्लाचा आठवडी बाजार बुधवारी आणि शनिवारी असतो. पिवळसर दगडाचं ते जुनं शहर बाजाराच्या दिवशीच बघा. जवळच लास्कोची चित्रगुहा आहे. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, पण २०१६ साली उघडलेली प्रतिकृती इतकी काटेकोर आहे की आम्ही तिथून लवकर हललोच नाही.

*

ताई, धागा छान काढलात. माझा अनुभव उत्तरेकडचा. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लीलमध्ये 'ब्रादरी' भरते. अख्खं शहर बाजार होतं. पुण्याचा जुना बाजार डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत पसरला तर कसा दिसेल, तसं काहीसं. सगळीकडे शिंपले आणि बटाट्याचे तळलेले काप, आणि हॉटेलांसमोर रिकाम्या शिंपल्यांचे ढीग. शिंपले न खाणाऱ्यांनी नुसते काप घ्यावेत, पोट भरतं.

मी जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यांपाशी रमतो. गावांच्या नावाने लावलेली शेकडो कार्डं. मार्सेयच्या कप्प्यात एक कार्ड हाताला लागलं: १९१४ ची छावणी, फेटे बांधलेले आपले शिपाई चुलीभोवती उकिडवे बसलेत, एकजण रोट्या भाजतोय. पहिल्या महायुद्धात भारतीय फौज मार्सेयला उतरली होती, हे शाळेत एका ओळीत वाचलेलं. इथे त्या माणसांचे चेहरे दिसत होते. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी होत्या, पण पुसट झालेल्या.

विक्रेत्याने विचारलं, तुम्ही भारतातले का? हो म्हटल्यावर त्याने मला न्यव-शापेलला जायला सांगितलं, आणि रस्ता कागदावर काढून दिला. लीलपासून गाडीने फार लांब नाही. सपाट शेतांमध्ये, रस्त्याला लागूनच भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. मार्च १९१५ मध्ये तिथे मोठी लढाई झाली, स्मारक १९२७ चं. गोल आवार, दगडात कोरलेल्या जाळ्या, उंच स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ. ज्यांना कबर किंवा चिताही नीट लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतींवर आहेत, पलटणीप्रमाणे. मी वाचत गेलो तसा आवाज घशात अडकायला लागला. उत्तर फ्रान्समध्ये जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने इथे जावं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

*

वरचं वाचून अंगावर काटा आला, दादा.

माझं माहेर येवल्याचं. ल्योंजवळच्या खेड्यात जावेकडे राहिले होते, तेव्हा रविवारी सकाळी व्हिलरबानला कालव्याकाठच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एका टेबलावर दोऱ्याने एकमेकांना शिवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चळत! जावेला कळेना मी तिथेच का थांबले. जॅकार्डची कार्डं ती. पैठणीच्या काठासाठी मागावर चढवलेली अशीच कार्डं बघत मी मोठी झाले. कुठल्या भोकातून कुठला धागा उचलला जाईल हे त्यांवर ठरतं. जॅकार्ड हा ल्योंचाच माणूस, त्याचा माग १८०४ चा.

दुपारी क्रुआ-रूसला गेलो. रेशीम विणणाऱ्यांची ती टेकडी. उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छतंही उंच. इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, 'त्राबूल' म्हणतात. काही बोळांना रहिवाशांची दारं लागतात, तिथून आवाज न करता जावं.

*

प्रोव्हांसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ल'इल-सूर-ला-सोर्गचा रविवारचा बाजार फार देखणा आहे. नदीचे फाटे, शेवाळाने हिरवी झालेली पाणचक्कीची मोठाली चाकं, काठावर सामान. पण हे व्यापारी आहेत, भाव त्याच हिशोबाने. इथे डोळे भरून बघावं, खरेदी गावच्या बाजारात करावी. आव्हिन्योंहून लोकल गाडी मिळते, तेव्हा पोपांचा राजवाडा आणि अर्धवट उरलेला पूल त्याच फेरीत होतो.

*

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन जातेय. भाव करायची पद्धत आहे का? आणि सामान कसं आणता?

*

आधी 'बोंजूर' म्हणायचं, मगच वस्तूला हात लावायचा. यात हयगय करू नका, त्याने समोरच्याचा सगळा सूर बदलतो. घासाघीस चालते, पण हळुवार: दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन किंमत विचारा. सुटे युरो जवळ ठेवा. चांगल्या वस्तू उजाडताच जातात, व्यापारी बॅटरी घेऊन फिरत असतात. दुपार टळल्यावर आवराआवर सुरू होते, तेव्हा भाव उतरतात. ओपिनेलचे जुने चाकू सगळीकडे दिसतील. घेतलात तर चेक-इनच्या बॅगेतच. काचसामान आम्ही आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून आणलं, सगळं धड आलं.

आणि ऑक्टोबरमध्येच जाताय तर उत्तरेकडच्या आमियां शहरातली 'रेदरी', म्हणजे तिथला जुन्या सामानाचा बाजार, बघा, त्याच महिन्यातल्या एका रविवारी असते. तिथलं कॅथेड्रलही त्याच शहरात आहे, त्यामुळे आईबाबांना वेगळी फेरी करावी लागणार नाही. तारीख मात्र निघण्याआधी बघून घ्या.