मदत हवी आहे: बाळाच्या श्वासाला आवाज, दुर्बीण तपासणी करू का?

ठाणेकरीण: बाळाच्या श्वासाला घर्र आवाज येतो, रडलं की जास्तच. सर्दी समजून नेब्युलायझर दिलं, फरक शून्य. आता भूल देऊन दुर्बिणीने बघू म्हणतायत. एवढ्याशा जिवाला भूल? पटकन सांगा.

मोरपंखी: वय? वजन?

निवांत: लॅरिंगोमलेशिया! म्हणजे स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो. आमच्याकडे डिट्टो हेच. दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. काही करू नका.

ठाणेकरीण: पाच महिने. वजन ठीक.

भूलभुलैया: मी भूलतज्ज्ञ. जन्मानंतर घशात नळी घातली होती?

ठाणेकरीण: हो, २९ आठवड्यांचं होतं ना. व्हेंटिलेटर होता, मध्ये नळी काढून परत घातली. पण घरी आलो तेव्हा आवाज अजिबात नव्हता.

भूलभुलैया: मग निवांतरावांचं ऐकू नका. नळीमुळे स्वरतंतूंखालची वाट अरुंद झालेली (सबग्लॉटिक स्टेनोसिस) असू शकते. स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड नावाच्या कूर्चेचं (कुरकुरीत हाडाचं) कडं असतं. श्वासनलिकेच्या बाकी कड्या मागून उघड्या, हे एकटं पूर्ण बंद, त्यामुळे सूज आतच येते. नळीच्या दाबाने अस्तराला व्रण पडतो, तो भरताना आकसतो. म्हणून आवाज उशिरा सुरू होतो. ४ मिमीच्या वाटेत सगळीकडून १ मिमी सूज आली की पाव वाट उरते. आवाज श्वास सोडतानाही येतो?

ठाणेकरीण: दोन्ही वेळा.

निवांत: उगाच घाबरवताय बाईंना.

भूलभुलैया: लॅरिंगोमलेशियाचा आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येतो.

आजीचा_बटवा: वेखंड उगाळून मधातून चाटवा.

मोरपंखी: आजी, वर्षाच्या आत मध देत नाहीत! आणि ठसका लागला तर?

कोकण्या: मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घातलंत का? आमचा क्लेम त्यावरच अडला.

ठाणेकरीण: मेडिक्लेमचं कोणी विचारलं? भूल द्यायची की नाही?

रानजाई: नको गं, मग गळ्याला भोक पाडतात.

भूलभुलैया: आधी बघू तर दे! निम्म्यापर्यंत अरुंद असेल तर पहिली श्रेणी, पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. जास्त असेल तर फुग्याने रुंद करतात, नाहीतर बरगडीची कूर्चा बसवतात. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक, सगळ्यांना लागत नाही. ओपीडीतली नाकातली दुर्बीण स्वरतंतू दाखवते, त्याखालचं नीट बघायला भूल लागतेच. फक्त लहान मुलांचा भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असेल तिथेच करा. डिस्चार्ज कार्ड न्या. बरगड्यांखाली खड्डे पडले, ओठ निळे झाले किंवा दूध पिताना दम लागला तर तडक कॅज्युअल्टी.

ठाणेकरीण: कार्डावर नळी ३.५ मिमी लिहिलीय. तेव्हा वजन १२०० ग्रॅम. मोठी होती का?

भूलभुलैया: १ ते २ किलोला साधारण ३ ची घालतात. का घातली ते कार्डावरून कळणार नाही, पण हे ईएनटीला आवर्जून सांगा.

निवांत: आमचं मात्र आपोआपच गेलं होतं.