मदत हवी आहे: टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट लाँचरवरून चालत नाही

नमस्कार मंडळी. लिनक्स डेस्कटॉपवर बॅकअप घेणारी एक बॅश स्क्रिप्ट आहे. टर्मिनलमध्ये नाव टाइप केलं की नीट चालते. तिच्यासाठी डेस्कटॉप फाइल (लाँचर, म्हणजे क्लिक करून प्रोग्राम सुरू करायचा आयकॉन, बनवणारी फाइल) बनवून मेनूत टाकली, तर क्लिक केल्यावर टर्मिनलची विंडो क्षणभर उघडते आणि लगेच बंद होते. एरर वाचायलाही मिळत नाही, हा खरा त्रास.

एक्झिक्यूट परमिशन आहे, पहिल्या ओळीत शेबँग (#! ने सुरू होणारी, स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी खूण) आहे. डेस्कटॉप फाइलमधल्या 'एक्झेक'च्या (काय चालवायचं ते सांगणाऱ्या) ओळीत टिल्ड (~, होम फोल्डरची खूण) चालत नाही, म्हणून तिथे पूर्ण पाथ दिलाय. माझा संशय वेगळा आहे. स्क्रिप्ट जे टूल वापरते ते होममधल्या एका फोल्डरमध्ये आहे आणि तो फोल्डर पाथमध्ये (PATH, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जोडलाय बॅशआरसीत (.bashrc, बॅशची सेटिंग फाइल). ती फाइल इंटरॅक्टिव्ह शेल (ज्यात आपण स्वतः कमांड टाइप करतो ते) वाचतं. लाँचरवरून सुरू झालेली स्क्रिप्ट वाचत नाही.

मग ही पाथची (PATH) ओळ कुठे लिहावी, म्हणजे दोन्हीकडे लागू होईल? प्रोफाइल फाइलमध्ये (.profile, लॉगिनच्या वेळची सेटिंग फाइल) लिहिलं तर वेलँड (स्क्रीनवर विंडो दाखवणारी यंत्रणा) सेशनमध्ये ते वाचलं जातं का? स्क्रिप्टमध्येच टूलचा पूर्ण पाथ लिहिता येईल, पण तीच स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवरही वापरायची आहे, म्हणून ते टाळतोय.

आणि विंडो बंद झाली तरी एरर लॉग फाइलमध्ये राहील असं काय करावं? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.