खुनी स्त्रीला कारण लागतेच का?

अर्धविराम

गेल्या आठवड्यात एक जाडजूड थरारकादंबरी वाचून संपवली. आठ महिन्यांत पाच पुरुषांचे खून होतात, प्रत्येक मृतदेहाच्या मुठीत वाळलेले फूल सापडते, आणि घटस्फोटित, निद्रानाशाने गांजलेला एक तपास अधिकारी खुन्याच्या मागावर निघतो. (निवांत झोपणारा तपास अधिकारी अलीकडे कुठल्याच लेखकाला परवडत नसावा.) शेवटच्या साठ पानांत कळते की खुनी ही एक परिचारिका आहे आणि गेली दोनशे पाने ती याच अधिकाऱ्याला झोपेच्या गोळ्या मोजून देत होती. रहस्य मीच फोडत असल्यामुळे पुस्तकाचे नाव लिहीत नाही. शिवाय माझी तक्रार त्या एका पुस्तकापुरती नाही.

तक्रार अशी की, खुनी स्त्री आहे हे उघड होताच कादंबरी जागच्या जागी थांबते आणि तब्बल बावीस पाने तिच्या बालपणावर खर्च होतात. सावत्र बाप, बंद खोली, मदतीला न आलेले शेजारी, सगळे ओळीने येते. याच लेखकाच्या आधीच्या कादंबरीतला पुरुष खुनी का मारतो, याला मात्र दोन ओळीही दिलेल्या नव्हत्या. तो फक्त होता, अंधारासारखा, आणि त्यामुळेच त्याची भीती वाटत होती. पुरुषाचे क्रौर्य स्वयंभू असू शकते, स्त्रीचे क्रौर्य मात्र कुणा पुरुषाने आधी केलेल्या अन्यायाची परतफेडच असले पाहिजे, हा नियम कुणी घालून दिला? वरवर सहानुभूतीचा वाटणारा हा नियम मला स्त्रीला कमी लेखणारा वाटतो, कारण त्यात तिचे वाईटपणही तिच्या मालकीचे उरत नाही.

वास्तवात असे नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील परिचारिका जेन टॉपन हिला १९०१ साली अटक झाली, तेव्हा एकाच कुटुंबातील चौघे काही आठवड्यांच्या अंतराने दगावले होते. पुढे तिने ३१ खुनांची कबुली दिली. तिची पद्धत पाहा. मॉर्फिनने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते, आणि ॲट्रोपिनने ती फाकते. ती दोन्ही मिसळून देत असे, म्हणजे रोग्याची पापणी उचलून पाहणाऱ्या डॉक्टरला ठरावीक असे कोणतेच चिन्ह दिसू नये. या थंड डोक्याच्या हिशेबापुढे मला सावत्र बापाची बावीस पाने फार मिळमिळीत वाटतात.

काजळी

आपण पुस्तकाचे नाव दिले नसले तरी फुलावरून मी ते ओळखले. मला ते आवडले होते, म्हणून आपल्याशी भांडणे भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कारण सांगणे आणि माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोणी’ आणि ‘कसे’ ही उत्तरे पोलिसांच्या आरोपपत्रातही मिळतात, ‘का’ या प्रश्नासाठीच तर माणूस कादंबरी हातात घेतो. दुसरी गोष्ट, आपण वास्तवाचा दाखला सोयीने निवडला आहे. आयलीन वुर्नोस हिने १९८९ आणि १९९० या दोन वर्षांत फ्लोरिडात सात पुरुषांना गोळ्या घातल्या. त्या पुरुषांनी आपल्यावर बलात्कार केला किंवा तसा प्रयत्न केला, असे तिचे म्हणणे होते. पुढे तिने ते फिरवले, आणि २००२ साली तिला देहदंड दिला गेला. तिचे बालपण वाचून पाहा. आईने सोडून दिलेली, बापाने तुरुंगात आत्महत्या केलेली, कोवळ्या वयात मूल झालेली आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून रस्त्यावर जगणारी ती मुलगी होती. यातले काहीही कादंबरीकाराने रचलेले नाही. लेखकाने हे वास्तव उचलले तर तो साचा झाला, आणि टॉपनचे उचलले तर ती कला झाली, असे कसे?

चकवा

आपल्या दोघांचेही म्हणणे मान्य. मला फक्त एवढेच विचारायचे आहे की, रात्रपाळी करून थकलेली ही परिचारिका एका धिप्पाड गोदाम-मालकाचा मृतदेह तिसऱ्या मजल्यावर एकटीने कसा चढवते? लेखकाने तिच्या बालपणावर खर्च केलेल्या बावीस पानांपैकी एक पान त्या जिन्यावर खर्च करायला हवे होते.

अर्धविराम

चकवा, तो जिना मलाही खटकला होता.

काजळी, वुर्नोसचे उदाहरण आपण आणणार हे ठाऊक होते, कारण गेल्या तीस वर्षांतल्या बहुतेक खुनी नायिकांवर तिचीच सावली आहे. पण तीच का निवडली गेली, याचाही विचार करा. बंदूक, महामार्ग, अनोळखी बळी या तिच्या गुन्ह्याच्या खुणा पुरुषांच्या गुन्ह्यांसारख्या होत्या, म्हणून वृत्तपत्रांना ती चटकन ओळखू आली. तिला अमेरिकेतील पहिली स्त्री सिरियल किलर म्हणून मिरवले गेले, आणि टॉपनला पकडून तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षे झाली होती, याची कुणाला आठवणही राहिली नाही. एका अपवादाचा साचा करून आपण त्यातून पुढच्या सगळ्या मूर्ती काढत बसलो आहोत, एवढेच माझे म्हणणे आहे.

तळटीप

बालपणाचा वाद आपण दोघे मिटवा. माझा आक्षेप रहस्याच्या बांधणीलाच आहे, आणि तो थोडा विस्ताराने मांडतो.

या कादंबऱ्यांत पहिल्या पानावर मृतदेह असतो, तोही सजवलेला. तपास अधिकाऱ्याला गुन्हा आयता मिळतो, फक्त गुन्हेगार शोधायचा असतो. इतिहासातल्या बहुतेक खुनी स्त्रियांच्या बाबतीत नेमके उलटे होते: माणूस समोर होता, गुन्हा झाला आहे हेच कुणाला कळत नव्हते. मारिसा हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील ५५ पुरुष आणि ५५ स्त्री सिरियल किलरांची तुलना प्रसिद्ध केली. पुरुष बहुधा अनोळखी माणसाच्या मागावर जाऊन मारतात, स्त्रिया बहुधा आपल्या भोवतालच्याच माणसांना मारतात, असे त्यांना आढळले. घरातला मृत्यू, आजाऱ्याच्या खाटेवरचा मृत्यू, पाळण्यातला मृत्यू यांच्या मुठीत वाळलेले फूल नसते; त्यांच्यापाशी डॉक्टरचा दाखला असतो.

इंग्लंडमधील मेरी ॲन कॉटनचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. नवरे, मुले, सावत्र मुले अशी माणसे तिच्या घरात एकामागून एक पोटाच्या विकाराने गेली. संशयित बळींचा आकडा २१ पर्यंत सांगितला जातो. आर्सेनिकची विषबाधा आणि त्या काळातला जठराचा ताप यांची लक्षणे इतकी सारखी होती की, दाखल्यावर तापाचे नाव लिहिताना डॉक्टरचा हात अडखळत नसे. १८७२ साली तिने गावातल्या एका पदाधिकाऱ्याकडे, थॉमस रायली याच्याकडे, सावत्र मुलाला अनाथ-गरिबांच्या आश्रमात पाठवण्याची गोष्ट काढली. ते जमेना, तेव्हा या मुलाचा त्रास आपल्याला फार दिवस होणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी ती सहज बोलून गेली. काही दिवसांत मुलगा मेला आणि रायली पोलिसांकडे गेला. प्राथमिक चौकशीत मृत्यू नैसर्गिकच ठरला होता, परंतु डॉक्टरने राखून ठेवलेल्या नमुन्यांत पुढे आर्सेनिक सापडले. तिच्या वकिलाने काय बचाव करावा? भिंतीवरच्या कागदाच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असते आणि तेच मुलाच्या श्वासातून शरीरात गेले असावे, असा! त्या काळच्या हिरव्या रंगात आर्सेनिक खरोखरच असे, म्हणून हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. मार्च १८७३ मध्ये डरहॅमच्या तुरुंगात तिला फाशी दिली गेली, तीही त्या एकाच खुनासाठी.

यात तपास अधिकारी कोण? दारात उभ्या उभ्या बोललेले एक वाक्य ज्याच्या कानात राहिले, तो. मला अशी कादंबरी वाचायची आहे, जिच्यातल्या अधिकाऱ्याला शंभराव्या पानापर्यंत एकही खून सापडत नाही आणि तो फक्त दाखल्यांची चळत उलटत, वेगवेगळ्या पत्त्यांवर एकच बाई पुन्हा पुन्हा कशी दिसते, हे बोटावर मोजत बसतो. यावर कुणी म्हणेल की हे कंटाळवाणे होईल. १८३६ साली जेम्स मार्शने आर्सेनिक ओळखण्याची रीत शोधली. अर्कातून काढलेला वायू तापवला की काचेच्या नळीवर काळा चकचकीत डाग उमटतो, तो विषाचा. तो डाग उमटण्याची वाट पाहणाऱ्या माणसांच्या प्रसंगाइतका थरार कोणत्याही पाठलागात नसावा.

काजळी

तळटीप, आपला प्रतिसाद दोनदा वाचला, आणि तो जितका वाचनीय तितकाच धोक्याचा वाटला. पुरुष मागावर जातो आणि स्त्री घरात विष कालवते, हेही शेवटी एक सुबक चित्रच झाले. सरासरीवरून कादंबरीतले पात्र घडवायचे नसते.

बंगळुरूमध्ये २००७ च्या अखेरीस पकडली गेलेली सायनाइड मल्लिका घ्या. ती देवळात येणाऱ्या दुःखी स्त्रियांना हेरून त्यांचा विश्वास संपादन करत असे, संकटनिवारणाच्या पूजेसाठी दागिने घालून यायला सांगत असे आणि तीर्थातून सायनाइड देत असे. शस्त्र विषाचे, पण बळी अनोळखी आणि पद्धत सरळ माग काढण्याची. तिला आपण कोणत्या खणात ठेवणार?

उलट बाजूला हॅरॉल्ड शिपमन. इंग्लंडमधला हा डॉक्टर आपल्याच रुग्णांना, बहुतेक वयस्कर स्त्रियांना, डायमॉर्फिनचे इंजेक्शन देऊन मारत होता आणि मृत्यूचे दाखले बहुधा स्वतःच लिहीत होता. २००० साली १५ खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. नंतरच्या सरकारी चौकशीने २००२ साली बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. तो सापडला कशामुळे, तर एका वृद्धेचे टंकलेखन यंत्रावर उठवलेले बनावट मृत्युपत्र तिच्या वकील मुलीच्या नजरेत खुपले म्हणून. आपण जे गुण खुनी स्त्रीला बहाल केलेत, म्हणजे घरगुतीपणा, शुश्रूषा, अदृश्यता, ते सगळे या दाढीवाल्या गृहस्थाकडे होते. तेव्हा हा प्रश्न बाईचा किंवा पुरुषाचा नसून, ज्याच्या हातात सुई आहे त्याच्यावर आपण किती विश्वास टाकतो, याचा आहे.

आणि अर्धविराम, पुरुषाला कारण विचारले जात नाही असे आपण म्हणालात. शिपमन सतरा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगाने गेली आणि शेवटच्या दिवसांत डॉक्टर घरी येऊन तिला मॉर्फिन देत असे. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक सगळे त्या खाटेपाशी जाऊन थांबतातच. कारण शोधणे ही माणसाची सवय आहे, तिला लिंगभेदाचे नाव देऊ नये.

अर्धविराम

शिपमनच्या आईचा मुद्दा मी मान्य करतो, आणि माझे आधीचे विधान मागे घेतो. पुरुषालाही कारण विचारले जाते.

परंतु त्या कारणाचे पुढे काय होते ते पाहावे. शिपमनच्या आईचे आजारपण वाचून त्याला कुणी जवळ घेत नाही. ते एक कोडे म्हणून समोर ठेवले जाते आणि कोडेच राहते. कादंबरीतल्या परिचारिकेच्या सावत्र बापाने मात्र हिशेब पुरा होतो. वाचकाचे डोळे पाणावतात, अधिकारी बेड्या घालताना क्षणभर तिचा हात धरून ठेवतो, आणि पाच मेलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव शेवटच्या प्रकरणात येत नाही.

आणि जिला असे कारण देता येत नाही, तिचे काय होते? कोल्हापूरचे गावित भगिनींचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आई आणि दोन मुली लहान मुले पळवत, चोरी करताना पकडले गेल्यास लोकांचे लक्ष वळवण्यासाठी त्यांना वापरत आणि नकोशी झाली की मारून टाकत. १९९६ साली त्या सापडल्या. आई खटला उभा राहण्यापूर्वीच मेली. मुलींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली, आणि दयेच्या अर्जावरील विलंबामुळे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्यांच्याविषयी तेव्हा जे बोलले गेले, त्यात ‘बाई असून’ हे दोन शब्द मी जितक्यांदा ऐकले तितक्यांदा ‘माणूस असून’ असे एकदाही ऐकले नाही. म्हणजे खुनी स्त्रीसाठी आपल्याकडे दोनच पाट मांडलेले आहेत, एक पीडितेचा आणि दुसरा राक्षसिणीचा. टॉपन यांपैकी कुठल्याच पाटावर बसत नाही, म्हणून मला तिच्यात रस आहे.

तळटीप

काजळी, शिपमनने माझी निम्मी मांडणी मोडली, हे कबूल. दाखल्यांची चळत मात्र मी सोडणार नाही. शिपमनच्या चौकशीतही शेवटी तीच उपसावी लागली होती.

काजळी

दोन पाटांचे पटले. पण या पुस्तकावर आपण अन्याय केला आहे, असे अजूनही वाटते. काल रात्री ते पुन्हा उघडले. चाळिसाव्या पानाच्या आसपास, वाचकाला तिचा काडीचाही संशय नसताना, एक छोटा प्रसंग आहे. अधिकारी रुग्णालयातल्या साक्षीदाराला भेटायला जातो, आणि ती खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तापाच्या तक्त्यावर पहाटेचा राहून गेलेला आकडा भरत असते. अधिकारी अक्षर पाहतो. तो आकडा तिने आधीच्या परिचारिकेच्या अक्षराशी हुबेहूब जुळवलेला असतो. सातच्या पोटातली आडवी रेघसुद्धा सोडलेली नसते. कशासाठी, हे लेखक सांगत नाही. त्या आकड्याने कुणी मरत नाही, कुणी वाचतही नाही, आणि पुढच्या चारशे पानांत त्याचा उल्लेखही येत नाही. ती रेघ ओढताना तिला मजा वाटते, एवढेच दिसते. तिथे सावत्र बाप कुठे आहे?

अर्धविराम

ते पान मी घाईने उलटले असावे. सातच्या पोटातली रेघ मला आठवत नाही.

चकवा

मला आठवते. जिन्याचे मात्र अजून कुणी बोलले नाही.