माळरानावर झाडे लावावीत की गवत राखावे? मदत हवी आहे
नमस्कार. बारामती तालुक्यातील सुप्याजवळच्या गायरानावर येत्या पावसाळ्यात आम्ही काही स्वयंसेवक वृक्षलागवड करणार आहोत. परंतु त्या उघड्या माळावर चिंकारा चरतात, धाविक आणि चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे सरसकट खड्डे घेतल्यास आपण त्यांचेच घर मोडू, अशी भीती मला वाटते. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडामुळे तिथले मूळ गवत मागे पडले, हे उदाहरण समोर आहेच. म्हणून बोर, हिवर, खैर ही झाडे केवळ ओढ्याकाठी लावून उरलेला माळ पवन्या, मारवेल आणि डोंगरी गवतासाठी राखावा, असे माझे मत आहे. या गवतांचे बी कधी गोळा करावे, मुरमाड जमिनीत ते कसे पेरावे आणि चराई किती काळ थांबवावी, याबद्दल हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.